सोलमधला श्रावण

व्रत आणि भूक यांचा काही संबंध असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मराठी घरातला उपास पाहिलेला नाही. एरवी दोन पोळ्यांवर हात धुणारा माणूस एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर ‘राजगिरा चालतो ना?’ असं विचारून दोन वड्या एवढा ऐवज रिचवतो आणि दुपारी उपासाच्या अशक्तपणामुळे आडवा होतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कुणीतरी टोमणा म्हणून केली असणार. आपण ती पाककृती म्हणून वापरली. चातुर्मासात कांदा सोडायचा, तर त्याआधी कांदेनवमी घालायची आणि भजी, थालीपीठ, झुणका असा चार महिन्यांचा कांदा एका दुपारी उरकायचा, ही आपल्या वैराग्याची सुरुवात. त्यागातून एवढा स्वयंपाक काढणारे जगाच्या पाठीवर आपण एकटेच, असा माझा आपला एक अभिमान होता. सोलमधल्या एका महागड्या कोरियन हॉटेलात दुपारचं जेवण झालं आणि तो उतरला. तिथल्या बौद्ध भिक्षूंनी या विषयात आपल्याला केव्हाच मागे टाकलं आहे.

आम्ही त्या हॉटेलात पोचलो ते श्रावणामुळे. माझा भाचा सुवॉनला नोकरीला आहे. ‘मामा, मामीला घेऊन ये’ असा त्याने धोशा लावला होता आणि तिकिटं स्वस्त मिळाली ती नेमकी ऑगस्टची. आमच्या घरी श्रावण कडक असतो. म्हणजे ही तो पाळते आणि मी तिच्याबरोबर राहतो. मूळचा मालवणकडचा असल्यामुळे माझा श्रावण पाळण्यापेक्षा मोजण्यात जातो. त्यात कोरियात भर उन्हाळ्यातले तीन दिवस पंचांगाने ठरवून दिलेले असतात आणि त्या दिवशी अख्खं शहर घाम पुसत कोंबडीचं उकळतं सूप प्यायला रांगा लावतं. उकाड्यावर उतारा म्हणून! एका लहानशा अख्ख्या कोंबडीच्या पोटात तांदूळ, लसूण आणि जिनसेंग भरलेलं असतं आणि ती मातीच्या भांड्यात रटरटत समोर येते. सामग्येतांग म्हणतात त्याला. त्यातला एक दिवस आमच्या मुक्कामात आला. मी ती रांग पाहिली. हिने मला ती रांग पाहताना पाहिलं. विषय तिथेच संपला.

बरं, शाकाहारी काही मागावं तर कोरियात तो शब्द कुणी फारसा मनावर घेत नाही. पुण्या-मुंबईत हल्ली शाकाहारी मंडळी किमची कोबीची म्हणून बिनघोर खातात. तिकडच्या नेहमीच्या किमचीत खारवून आंबवलेली कोळंबी नाहीतर मांदेलीच्या कुळातल्या माशाचा अर्क असतो. सुपाचं पाणी त्याच माशांच्या सुकटीचं. “इथे ज्यात मासा दिसत नाही ते शाकाहारी,” भाच्याने समजावलं. ही तेव्हापासून भात आणि पर्समधलं मेतकूट यांवर दिवस काढत होती आणि कोरियन माणसं हिच्याकडे कुतूहलाने आणि मेतकुटाकडे संशयाने पाहत होती.

शेवटी भाच्यानेच तोडगा काढला. मंदिराचं जेवण. बौद्ध धर्म कोरियात पोचला चौथ्या शतकात, आणि त्यानंतर डोंगरातल्या मठांमधून जो स्वयंपाक घडत गेला तो आता सोलमधल्या काही खास हॉटेलांत मिळतो. मांस नाही, मासा नाही. “आणि कांदा-लसूणही नाही,” भाचा म्हणाला. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी सज्जन भेटलं होतं.

मग भाच्याने दर सांगितला. माणशी साठ हजार वॉन. म्हणजे आपले साधारण छत्तीसशे रुपये. आणि हा दुपारचा. रात्री चढतो म्हणून तर दुपारी जायचं. ज्यांनी घरदार, पैसा, नातीगोती आणि लसूण सोडली त्यांचं जेवण जेवायला एवढे पैसे? पण वैराग्याला सध्या तेजी आहे. सोलचं पहिलं मिशेलिन गाइड २०१६ साली निघालं, तेव्हा जोग्ये या बौद्ध पंथाने चालवलेल्या मंदिर-भोजनाच्या हॉटेलालाही त्यात एक तारा मिळाला. २०१७ साली नेटफ्लिक्सवर ‘शेफ्स टेबल’मध्ये जोंग क्वान नावाच्या भिक्षुणींवर एक भाग आला. त्या डोंगरातल्या मठाच्या आवारात राहतात, त्यांचं हॉटेल नाही, त्या स्वतःला शेफही म्हणवत नाहीत आणि जगातले नावाजलेले शेफ त्यांच्याकडे शिकायला जातात. २०२५ साली कोरियाने मंदिर-भोजनाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडच्या आज्या हे सगळं सोवळ्यात, फुकट आणि वर बोलणी खात करत होत्या, पण त्यांच्याकडे मिशेलिनचा माणूस कधी फिरकला नाही. फिरकला असता तरी त्याला आधी पाय धुऊन यायला सांगितलं असतं.

हॉटेलच्या दाराशी भाच्याने मला बाजूला घेतलं. “मामा, एक अट आहे. आत ‘हे तर आपलंच’ असं म्हणायचं नाही.”

त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याने म्हणे कोरियातला प्रत्येक पदार्थ दोन घासांत सांगली-साताऱ्याला नेऊन पोचवला होता. “दर वेळी हजार वॉन दंड.”

साठ रुपयांत देशाभिमान काही महाग नाही. मी कबूल झालो.

आत शिरताच बूट काढून कप्प्यात ठेवले. दारात उभ्या असलेल्या मुलीने कमरेत वाकून नमस्कार केला, आणि आमच्या हिनेही तिला तितक्याच अंशात वाकून तो परत केला. भाचा थक्क झाला. इतकी वर्षं तिथे राहून त्याला हे जमलेलं नाही. पण तो तिथे नोकरी करतो, ही मालिका बघते. ‘दे जांग गम’ ही २००३ सालची मालिका, राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढलेल्या एका मुलीची. तिच्यापासून हिने सुरुवात केली आणि मग मागे वळून पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. कुणापुढे किती वाकायचं, कुणाच्या पेल्यात दोन्ही हातांनी ओतायचं, सासूने पाण्याचा पेला तोंडावर फेकला तर काय करायचं, हे सगळं हिला पाठ आहे.

आम्हाला एक वेगळी खोली मिळाली. कागदी सरकतं दार, लाकडी बुटकं टेबल, जमिनीवर आसनं. मी गुडघ्यांच्या काळजीने खाली पाहिलं तर टेबलाखाली पाय सोडायला खड्डा केलेला. बसायचं जमिनीवर, पण बसल्यावर वाटायचं खुर्चीत. परंपरा आणि संधिवात यांच्यात इतकी समंजस तडजोड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पहिला पदार्थ आला. पांढराशुभ्र, पातळसर, तांदळाचा, वाफाळता. मी कोकणी माणूस. पेज समोर आल्यावर माझ्या चेहऱ्यावर काय उमटायचं ते उमटलंच असेल, कारण भाच्याने बोट वर केलं. “विचारांवर दंड नाही ठरलेला,” मी म्हटलं.

मग कुणीच काही करेना. ही गप्प, भाचा गप्प, पेजेची वाफ निघून चाललेली. “मामा, सुरू कर ना,” भाचा म्हणाला. “तू सगळ्यात मोठा. तू चमचा उचलल्याशिवाय इथे कुणी जेवत नाही.”

हा कोरियन शिष्टाचार फार जुना आणि माझ्या मते फार थोर आहे. आमच्या घरी मी जेवलो की नाही हे मागचं आवरताना कुणाच्यातरी लक्षात येतं. इथे दोन माणसं माझ्या मनगटाकडे बघत बसली होती. मी चमचा उचलला. दोघांचे हात पुढे आले. मी तो पुन्हा ठेवला आणि घसा साफ केला. दोघांचे हात मागे गेले. राजे लोक राज्य का सोडत नाहीत ते मला त्या क्षणी कळलं. “झालं असेल तर जेवा आता,” असं ही मराठीत म्हणाली आणि राज्य खालसा झालं.

मग पदार्थ यायला लागले ते थांबेचनात. आंबवलेल्या सोयाबीनच्या सॉसमध्ये मुरवलेली कमळाची देठं. तिळाच्या तेलात परतलेली कसली कसली रानमुळं. समुद्री शेवाळ्याला चिकट तांदळाची खळ लावून, वाळवून, तळलेला कुरकुरीत प्रकार. हा खाताना मी सांडग्यांविषयी एक अक्षर बोललो नाही, हे नोंदवून ठेवतो. गोड-तिखट पाकात घोळवलेले शिटाके मश्रूम. आणि ओकच्या झाडाच्या फळांपासून केलेली, थरथरणारी, तपकिरी रंगाची वडी. कोरियन काड्या धातूच्या असतात, चपट्या आणि गुळगुळीत, आणि ही वडी त्यांची परीक्षा घ्यायलाच जन्माला आलेली आहे. भाचा काडीचे चिमटे लावी, वडी दुभंगून पुन्हा बशीत बसे. त्याच्या कंपनीतली एवढी बढती, पण या वडीपुढे तो अजून उमेदवार होता. हिने मात्र एक वडी अलगद उचलली, क्षणभर अधांतरी धरली, आम्हा दोघांना नीट दिसली आहे याची खात्री केली आणि मग खाल्ली. सुदैवाने भात आणि सूप कोरियन लोक चमच्यानेच खातात, म्हणून त्या देशात परदेशी माणूस उपाशी मरत नाही.

वाढणारी मुलगी प्रत्येक पदार्थाची माहिती सांगत होती आणि भाचा मराठी करत होता. मठात पाच गोष्टी वर्ज्य. लसूण, कांद्याची पात, आणि त्याच घराण्यातल्या आणखी दोन पाती. कारण जुन्या सूत्रात असं दिलंय की या वस्तू शिजवून खाल्ल्या तर वासना वाढते आणि कच्च्या खाल्ल्या तर राग वाढतो. मला लगेच मिसळ आठवली. तिच्या रश्श्यात शिजवलेला कांदा आणि वरून कच्चा. म्हणजे मिसळ खाणारा माणूस एकाच वेळी किती भयंकर अवस्थेत असायला हवा! आणि तो काय करतो, तर जादा पाव मागतो. मराठी माणसाच्या संयमाला याहून मोठं प्रमाणपत्र नको.

“आणि पाचवी वस्तू?” हिने विचारलं.

भाचा जरा अडखळला. “हिंग.”

हिचा हात पर्सवर गेला. त्या पर्समध्ये पिवळी प्लास्टिकची डबी होती. झाकणाला रबर बँड, त्यावर एक पिशवी, त्यावर दुसरी पिशवी, आणि तरीही गेले कित्येक दिवस आमचे पासपोर्ट फोडणीचा वास मारत होते. ‘सुपात चिमूटभर घातला तर कुणाला कळणारे?’ असा हिचा बेत असावा. “हिंगाने काय केलंय कुणाचं?” ही म्हणाली. प्रश्न धर्मशास्त्राचा होता. आपल्याकडे कांदा-लसूण सोडलेल्या माणसाला एकच आधार असतो, तो हिंगाचा. चातुर्मासातल्या डाळीचा तोच तारणहार. आणि इथे भिक्षूंनी कांद्याबरोबर तोही दाराबाहेर उभा केला होता.

भाच्याने त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, हिंग तिने कधी पाहिलेलाच नाही. कोरियात तो उगवत नाही. यादी बाहेरून, धर्माबरोबर आली, म्हणून पाळतात. म्हणजे जी वस्तू देशात नाही ती यांनी शेकडो वर्षं निष्ठेने सोडलेली! त्यागाचा हा प्रकार मला फार आवडला. याच पद्धतीने मी कॉलेजात असतानाच मर्सिडीज सोडली. पण हसावं तरी कुणाला? आपल्याकडे तरी हिंग कुठे पिकत होता? तो अफगाणिस्तान आणि इराणहून यायचा आणि अजून येतो. हिमाचलमध्ये लाहौलच्या खोऱ्यात सरकारी शास्त्रज्ञांनी हिंगाचं पहिलं रोप लावलं ते २०२० साली. जो आपल्या मातीत नाही तो हिंग त्यांनी आजन्म वर्ज्य केला आणि जो आपल्या मातीत नाही तोच हिंग आपण रोज दोन वेळा फोडणीत घातला. दोन्हीकडे श्रद्धा सारखीच.

हिला राहवेना. हिने दोन्ही पिशव्या सोडल्या, रबर बँड काढला आणि झाकण नखभर उघडून डबी त्या मुलीपुढे धरली. तिने ओणवून वास घेतला. मग अतिशय शालीनपणे, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, ती दोन पावलं मागे सरकली आणि भाच्याला काहीतरी म्हणाली.

“काय म्हणाली?” हिने विचारलं.

“म्हणाली, ‘आता समजलं.’”

डबी पर्समध्ये गेली ती परत निघाली नाही. पण खरं सांगायचं तर हिंगाची उणीव कुठेच जाणवत नव्हती. पाच वस्तू काढून घेतल्या तर या भिक्षूंनी स्वस्थ बसायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी समुद्री शेवाळं उकळून त्याचं पाणी काढलं, मश्रूम वाळवून त्यांची पूड केली, जंगली तिळासारख्या बियांचं दाट सूप केलं आणि सोया सॉस मडक्यात वर्षानुवर्षं मुरत ठेवला. पोटाला चार घास हवेत एवढ्यासाठी कुणी सात-आठ वर्षं थांबत नाही. जिभेची आठवण सतत येत असल्याशिवाय माणूस जिभेवर इतका विजय मिळवूच शकत नाही. हे आपली साबुदाण्याची खिचडी ओळखून होती.

आणि मग कमळाच्या पानात बांधून वाफवलेल्या भाताबरोबर मठाची किमची आली. लसूण नाही, मासळी नाही. मी एक फोड तोंडात टाकली आणि जिभेच्या टोकावर बारीक झिणझिण्या आल्या, वर लिंबाच्या सालीसारखा उग्र सुगंध. भान ठेवायला हवं होतं, पण माणूस मालवणचा.

“तिरफळ!”

“हजार वॉन,” भाचा म्हणाला.

मी वाद घातला. त्याने फोन काढला. त्या मसाल्याचं नाव चोपी. शास्त्रीय नाव पाहिलं तर झॅन्थॉक्झिलम. आमच्या तिरफळाचंही झॅन्थॉक्झिलमच. वंश एक, जात वेगळी. “म्हणजे चुलत भाऊ,” मी म्हटलं, “‘आपलंच’ नव्हे, पण आपल्यातलं.” दंड तडजोडीने पाचशेवर आला. पण माझा खरा दंड वेगळाच होता. तिरफळ जिभेला लागलं आणि डोळ्यांपुढे बांगडा आला नाही, असा मालवणी अजून जन्माला यायचा आहे. ज्यांच्या आश्रयाला मासा चुकवायला आलो, त्या भिक्षूंनी मला बिनमाशाचा बांगडा वाढला होता. मी डोळे मिटून घास चावत होतो. “कळतंय हो मला, मनात काय चाललंय ते,” ही म्हणाली.

जेवण संपत आल्यावर त्या मुलीने मठातल्या रीतीविषयी सांगितलं. भिक्षूंकडे एकात एक बसणारे चार वाडगे असतात. भात, सूप, भाजी आणि पाणी. शेवटी किमचीची एक फोड वाचवून ठेवायची, पाणी ओतून तिने वाडगे पुसून घ्यायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचं. शीतही वाया जाऊ द्यायचं नाही. हॉटेलात पाहुण्यांना हे करावं लागत नाही, असंही ती म्हणाली. पण तेवढं वाक्य हिने ऐकलं नाही. “बघा,” ही माझ्या पानाकडे बघत म्हणाली. कमळाची देठं दोन, मुळं अर्धी वाटी, तळलेल्या शेवाळ्याचा चुरा. ताटात टाकलं तर पाप लागतं, एवढं माहीत होतं. त्याला आता आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मी ती शेवटची अर्धी वाटी अशा नेटाने संपवली की, एखाद्या मठात मला थेट वरच्या वर्गात प्रवेश मिळाला असता.

मग काचेच्या छोट्या पेल्यात गुलाबी लाल सरबत आलं. ओमिजा नावाच्या फळाचं. त्यात पाच चवी असतात म्हणे: गोड, आंबट, खारट, कडू आणि तिखट. मी घोट घेऊन मोजल्या, पाचही भरल्या. आपल्या आयुर्वेदात रस सहा आहेत. सहावा तुरट. तो कुठे असतो हे दहा मिनिटांत कळलं.

बिल टेबलावर येत नाही, दाराशी काउंटरवर जाऊन द्यायचं असतं. आम्ही बूट घातले. भाचा आदबीने दोन पावलं मागे उभा राहिला.

“मामा, तू पुढे हो.”

“का?”

“इथली रीत आहे. सगळ्यात मोठा असेल तो देतो.”

मी हिच्याकडे पाहिलं. “मालिकांमध्येसुद्धा तसंच असतं,” ही म्हणाली. एवढी वर्षं मालिका बघून हिला नवऱ्याच्या उपयोगाचं वाक्य एकदाही सापडलं नव्हतं. हे बरोबर सापडलं.

आकडा एक लाख ऐंशी हजार होता. मी काउंटरला धरून उभा राहिलो. मग ते वॉन आहेत हे आठवलं आणि बरं वाटलं. मग त्यांचे रुपये केले, दहा हजार आठशे, आणि पुन्हा काउंटरला धरलं. एवढ्या पैशांत आमच्याकडे अख्ख्या गल्लीची एकादशी झाली असती. कोरियात टिप द्यायची पद्धत नाही, एवढीच काय ती करुणा. मी कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं, त्या मुलीने ते दोन्ही हातांनी घेतलं, सगळे कमरेत वाकले, आणि पैसे इतक्या सुसंस्कृत वातावरणात गेले की तक्रारीला जागा उरली नाही.

बाहेर रस्त्यावर उन्हाचा तडाखा होता. पलीकडच्या फुटपाथवर कोंबडीच्या सुपाची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. मी तिकडे बघणार, तेवढ्यात भाच्याने हात पुढे केला.

“मामा, तिरफळाचे पाचशे राहिले.”